दौलतभाऊची बोडी

आमच्या दौलतभाऊच्या घरी कुणी गेलं, की तो आधी त्याच्या पायांकडे बघतो. ओला चिखल दिसला की विचारतो, "माह्या बोडीच्या पाळीवरून आला का तू?"

बोडी म्हणजे शेतातलं लहानसं तळं, पाळ म्हणजे त्याचा मातीचा बांध. सिंदेवाहीकडे आम्ही धानवाले बोड्यांच्याच भरवशावर असतो. पावसानं दडी मारली, की बोडीचं पाणी खालच्या धानाला सोडायचं. दौलतभाऊ दर उन्हाळ्यात बोडीतला गाळ स्वतः उपसतो, म्हणून त्याची बोडी सगळ्यांत उशिरा आटते. आणि म्हणूनच सारं गाव तिच्यावर टपलेलं आहे, असं त्याचं ठाम मत.

"मले डाऊट हाये," हे त्याचं पालुपद. बगळ्यांवर डाऊट. म्हशींवर तर फारच. पोटभर पितात ते पितात, वर अंगाला माखूनही नेतात. मी एकदा म्हणालो, "भाऊ, पानी उन्हानं बी आटते."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुले काऊन एवढी माहिती?"

पण सगळ्यांत जास्त संशय रामाजीवर, म्हणजे सख्ख्या धाकट्या भावावर. वाटणीत बोडी दौलतभाऊकडे आली, तिच्याखालचं शेत रामाजीकडे गेलं आणि दोघांचं बोलणं तुटलं.

गेल्या वर्षी धान पोटरीत, लोंबी बाहेर पडायच्या बेतात असतानाच पाऊस गेला. रामाजीच्या शेतात भेगा पडल्या, पण तो पाणी मागायला आला नाही. एका सकाळी मी माझ्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर होतो. दौलतभाऊ पाळीवर फावडं चालवताना दिसला. वाटलं, गळती बुजवतोय. बघतो तर पाणी धो धो रामाजीच्या शेतात चाललेलं. आणि भाऊ वरून ओरडत होता, "माही पाळ फोडली कोनंतरी. कोन चोर हाये, मले ठावं हाये."

मी धावत गेलो. "भाऊ, तुम्हीच तं फोडली."

"हळू बोल."

खाली रामाजी आपल्या बांधाचं तोंड बुजवून आलेलं पाणी शेतातच अडवत होता. त्यानं मान वर केली नाही. भाऊ बराच वेळ वाट बघत उभा राहिला, मग फावडं टेकवून बसला.

"चोर म्हटलं त्याले," तो म्हणाला. "वाटलं, तो भांडाले तरी येईन."