खंडेनवमीला बांधलेला कर्नल

लेक सई लग्न होऊन सासरी गेली त्या वर्षीची खंडेनवमी. बदलापूर गावातल्या घरात श्यामकांत एका जुन्या वर्कस्टेशन संगणकासमोर मांडी ठोकून बसले होते. अंबरनाथच्या कारखान्यात याच मशीनवर त्यांनी वीस वर्षं ड्रॉइंगं काढली होती. कारखान्याने ते भंगारात काढलं, तेव्हा रिक्षात मांडीवर घेऊन आणलं होतं.

संगणकाचा सगळा कारभार हाकतो तो मूळ प्रोग्राम म्हणजे कर्नल. या जुन्या प्रोसेसरसाठी तो नव्याने बांधणं काल सकाळपासून चालू होतं. कर्नल सांभाळणाऱ्या परदेशी मंडळींनी कळवलं होतं, आज दुपारी एकपर्यंत कोणी खऱ्या मशीनवर बांधून, चालवून दाखवला नाही, तर कर्नल चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीतून याचं नाव कायमचं काढू.

पडद्यावर सत्त्याण्णव टक्के. घड्याळात बारा.

"अहो, बंद करा ते," सुनेत्राबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या. "आज हत्यारं वापरत नाहीत, पुजतात."

"सत्तावीस तास पाण्यात जातील!"

"मग चालू आहे तसं पुजते. जावईबापू, तेवढा हार घाला."

लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला सईसोबत आलेले अवधूत सासूबाईंना नाही कसं म्हणणार? पुढे बंद-चालूचं बटण होतं, म्हणून त्यांनी झेंडूचा हार मागच्या जाळीवर अडकवला. जाळीआड पंखा होता. त्याने पाकळ्या ओढल्या, खरखरला आणि थांबला. मशीन किंचाळू लागलं.

"मागे कोणी घातला?"

"सॉरी बाबा. आई बोलल्या ना, घाला."

"सई, सूप आण! वारा घाला, अवधूतराव!"

अवधूत सुपाने वारा घालू लागले.

"जोरात! अठ्ठ्याण्णव!"

"बाबा, हात गेला माझा."

"जिममध्ये जातोस ना रोज? मग घाल," सई म्हणाली.

नव्याण्णववर जळका वास आला. सुनेत्राबाईंनी हार काढून मशीनच्या डोक्यावर ठेवला आणि पदराने वारा घालायला लागल्या.

पावणेएकला कर्नल बांधून झाला. मशीन पुन्हा सुरू केलं. नवा कर्नल उठला! श्यामकांतांनी मोबाइलवरून पुरावा पाठवला. लगेच उत्तर आलं : 'अभिनंदन. नाव राहील. पण असं चालू मशीन आता जगात तुमच्याकडेच दिसतंय. पुढची दहा वर्षं प्रत्येक नवा कर्नल तुम्ही तपासून द्याल ना?'

श्यामकांतांनी 'हो, नक्की' असं लिहून पाठवलं. मागे खट्‌कन आवाज झाला.

प्रोसेसरचं नाव अजून यादीत आहे, खाली तपासनीस म्हणून श्यामकांतांचंही आहे. मशीन त्याच खंडेनवमीला, दुपारी बारा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी, डोक्यावर हार असताना वारलं.