बिबट्यानंही नापसंत केलेले संपतभावजी

आमच्या संपतभावजींना आजवर बिबट्यानं धरलंय, ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरनं चिरडलंय, विहिरीनं गिळलंय आणि एकदा भर मांडवात त्यांच्या डोक्यावर अख्खा डीजे कोसळलाय. दर वेळी मरणाच्या जरा आधी एक पोरगी म्हणते, "मला मुलगा पसंत नाही." तो आवाज माझा असतो.

घाबरू नका, भावजी ठणठणीत आहेत. ते माझे चुलत दीर. निरगुडसरला आमच्या घराला लागूनच त्यांचं घर, ऊस आणि टोमॅटोची शेती, आणि पस्तिशी ओलांडली तरी लग्न नाही. नकार आला की दुसरा एखादा माणूस दारू पिईल, नाही तर देवधर्माला लागेल. हे मोबाईल उघडतात आणि बोटानं कार्टून काढत बसतात. दोन मिनिटांची फिल्म करून नेटवर टाकतात. हिरो कायम एकच, भोपळ्याएवढं डोकं, काडीचे पाय, इस्त्रीचा शर्ट. हिरो मुलगी बघायला जातो, पोहे खातो, नकार ऐकतो आणि मरतो.

आवाजासाठी त्यांनी आधी आपल्या आईला विचारलं होतं. "सोताच्या पोराला न्हाई म्हणू व्हय रं?" म्हणत काकू उठून गेल्या. मग मी सापडले. मी म्हटलं, "अहो भावजी, एखाद्या फिल्ममध्ये तरी हो म्हणू द्या मला!"

"मग ती खोटी व्हईल, वहिनी."

"अन्याय हाय ह्यो!" हे त्यांचं पेटंट वाक्य. वीज गेली, अन्याय. चहात साखर कमी, अन्याय. पण लग्नाचा विषय निघाला की तेच वाक्य ते असं काही म्हणतात की समोरच्याच्या हातातला कप हलतो. आणि खरं सांगू का, तेव्हा मलाही राग येतो. साऱ्या जगाला टोमॅटो पाहिजे, टोमॅटोवाला जावई कुणालाच नको! ज्यांच्या स्वतःच्या अंगणात शेणाचा ढीग, तेही विचारतात, "पुण्यात फ्लॅट हाय का?" जमीन तर पाहिजेच, फक्त जावयानं त्या जमिनीवर पाय ठेवायला नको!

यमाची फिल्म याच रागातून निघाली. नकार ऐकून हिरो जागीच मरतो आणि यमाच्या दारात जातो. यम चष्मा लावून कागद बघतो. "सातबारा हाय, पण नोकरी कुठंय? नरकात जागा न्हाई, पावणं." आणि रेडा त्याला लाथ मारून परत निरगुडसरच्या एसटी स्टँडवर टाकतो. गावानं ती इतकी पाहिली, की लोक भावजींना रस्त्यात "काय राव, नरकातनं बी न्हाई का?" असं विचारायला लागले. ते तोंड वाकडं करून म्हणायचे, "न्हाई ना! अन्याय हाय."

एकदा कुणीतरी फिल्मखाली लिहिलं, 'पुढच्या टायमाला त्या पोरीलाच मारा, लई मजा येईल.' ते वाचून भावजी एवढे भडकले की आमच्या ओट्यावर येऊन मलाच ओरडायला लागले, जणू मीच लिहिलं होतं.

"तिनं काय केलंय? न्हाई म्हणणं गुन्हा हाय का?"

"तुम्हीच तर रोज अन्याय अन्याय करता," मी म्हटलं.

"अन्याय मरणाऱ्यावर झालाय. म्हणून मरायचं बी त्यानंच. तिला कशाला मधी घ्यायचं?"

मग यंदाच्या उन्हाळ्यात बिबट्याची फिल्म आली. आमच्याकडे उसात बिबट्या ही काही नवलाची गोष्ट नाही, पण भावजींचा बिबट्या शिकलेला. तो नकार ऐकून निघालेल्या हिरोला मानगुटीला धरून उसात नेतो, हुंगतो आणि विचारतो, "कंपनीत पर्मनंट हाय का?" हिरो म्हणतो, "शेती." बिबट्या त्याला थुंकून टाकतो. बिचारा शेवटी ओशाळूनच मरतो.

फिल्म टाकल्यावर आठवड्याच्या आतच एक पांढऱ्या टोपीचे गृहस्थ मोटारसायकलवरून आमच्या दारात उतरले. थेट पठारावरच्या आणे गावाहून आले होते. भावजींनी दोन वर्षांपूर्वी आण्याची एक मुलगी पाहिली होती, तिचे वडील. कुणी बसा म्हणायच्या आत त्यांनी मोबाईल पुढं केला.

"ह्या मिशा कुणाच्या?"

मी पाहिलं. बिबट्याला झुबकेदार, टोकाला वळलेल्या मिशा. तशाच्या तशा माझ्यासमोर थरथरत होत्या. मला हसू आवरेना, म्हणून मी पाणी आणायला आत पळाले.

बाहेर जुंपलीच. "साऱ्या आण्यात मला बिबट्या म्हणाय लागल्यात! पोरीच्या बापाला जनावर करता?"

"तुमी मला काय केलं व्हतं मग?" भावजींचा आवाज चढला. "पोहे खाऊ घातले, हसून बोललात, आन मध्यस्थाकडनं निरोप, पोरीला पसंत न्हाई! अन्याय हाय ह्यो!"

"पोरीला?" गृहस्थ तावातावात बोलून गेले, "पोरीला इचारलंय कुणी? ती तर म्हणत व्हती, माणूस हसरा हाय, बरा हाय. न्हाई मी म्हणालो. मी!"

मी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबले. गृहस्थांनाही आपण काय बोललो ते कळलं असावं. ते पायरीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

भावजी पायरीसमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता ह्या माणसाचं काही खरं नाही. पण त्यांनी हळूच विचारलं, "कुठं दिली?"

"चाकणला. जावई कंपनीत हाय."

"सुखात हाय ना?"

"हाय." मग जरा थांबून, "आसंल."

भावजींनी मोबाईल घेतला आणि त्यांच्यासमोर बिबट्याची फिल्म काढून टाकली. तोवरची सगळ्यात गाजलेली फिल्म! गृहस्थांचा राग केव्हाच उतरला होता. ते म्हणाले, "आवो, मिशा तेवढ्या काढल्या आसत्या तरी चाललं आसतं."

"मिशांसाठी न्हाई काढली," भावजी म्हणाले.

गृहस्थ चहा न घेताच गेले. मी भावजींशेजारी बसले. म्हटलं, "तिला तुम्ही आवडला होता, भावजी."

"ते ऱ्हाऊ द्या वहिनी." ते रिकाम्या रस्त्याकडे बघत होते. "दोन वरीस मी तिच्यावर रागावलो. ती बोललीच नव्हती, आन मी तिच्या तोंडात 'न्हाई' घातलं. तिच्या बापानं घातलं, तसंच." त्यांनी तळहातानं तोंड पुसलं. "न्हाई तर न्हाई. पण तिचं तिला म्हणू द्यायला पायजे व्हतं."