तोंडदेखल्या सदरातला सामोवार

इराणातल्या यज्द शहरात गुप्तहेर एकच आणि तो म्हणजे आपण, हे नुसरतुल्ला स्वतःच सगळ्यांना सांगे. “माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही, आणि सुटलीच तर मीच सोडलेली असते!” टपाल कचेरीत एकतीस वर्षं शिक्के मारून त्याला म्हणे पाकिटाच्या वासावरून आतला मजकूर खरा की खोटा ते कळे. त्याच्या जाड वहीत माणसांच्या बोलण्याची पाच सदरं होती: थाप, लोणकढी, फेकाफेक, मानभावी आणि तोंडदेखलं. ‘खरं’ असं सहावं सदरही होतं. ते पान अजून कोरं होतं.

त्याचा मदतनीस यदुल्ला. तो घड्याळजी होता आणि नुसरतुल्लाच्या बहिणीचा नवरा होता. मदतनीस होण्यामागे दुसरा काही गुन्हा नव्हता.

या खेपेला चोरी यदुल्लाच्याच घरी झाली होती. त्याची बायको तूबा मंगळवारी हमामातून आंघोळ करून परतली, तर तिच्या आईचा पितळी सामोवार, चहाचं पाणी उकळायचं तोटीचं भांडं, जागेवर नव्हता. आणि गुरुवारी चार वाजता लेकीला मागणी घालायला पाहुणे येणार होते.

“आईची तेवढी एकच वस्तू माझ्याकडे आहे,” तूबा म्हणाली. “पोरीच्या मागणीचा चहा त्यातूनच निघणार. नाही सापडला, तर तुम्ही दोघं दारात उभे राहून पाहुण्यांना कारण सांगा.”

नुसरतुल्लाने मिशीला पीळ दिला.

“दाजी, चोर घरात वारा आणणाऱ्या मनोऱ्यातून दोर टाकून उतरला.”

यदुल्ला गच्चीवरच्या मनोऱ्यात शिरला, अर्धा तास अडकला आणि कबुतराची दोन अंडी घेऊन बाहेर आला.

“पुरावा!” नुसरतुल्ला म्हणाला.

“आगा, ही अंडी आहेत.”

“चोरही तेच म्हणेल.”

मग ठरलं, की सामोवार वितळवून दारांच्या कड्या ओतल्या असणार. नुसरतुल्लाने सगळ्या गल्लीतल्या कड्या गरम आहेत का ते चाचपून पाहिलं. यज्दच्या उन्हात सगळ्याच गरम होत्या. एका दुपारी छत्तीस संशयित झाले.

या दोन्ही दिवसांत शेजारचा मश्दी काझिम दारातच उभा असे. तो गाद्या-रजया भरायचा; अंगावर कापूस, चेहऱ्यावर काळजी.

“या ना आगा, चहा घ्या! सामोवार तापलाय. घर तुमचंच, सामोवारही तुमचाच!”

“छे छे, तुम्हाला त्रास कशाला.”

“माझ्या डोळ्यांवर पाय ठेवून या!”

“तुमची सावली आमच्यावर राहो.”

“आईशपथ, या हो!”

“पुन्हा कधीतरी.”

तीनदा आग्रह, तीनदा नकार; रीत पुरी झाली. नुसरतुल्लाने वहीत ‘तोंडदेखलं’खाली सतरावी नोंद केली. “दाजी, हा माणूस निर्दोष. इतकं पोकळ बोलणारा चोरी कसली करतो?”

गुरुवारी तीन वाजले. नुसरतुल्लाने शेवटचा निष्कर्ष जाहीर केला: सामोवार मुलाकडच्यांनीच पळवला, घर पारखायला. तूबाने चादर डोक्यावर घेतली आणि दुकानातून निदान किटली तरी आणावी म्हणून निघाली. मागोमाग हे दोघे. दारात काझिम होताच.

“या ना ताई, चहाला! सामोवार तापलाय!”

“येते,” तूबा म्हणाली.

गल्ली थिजली. पहिल्याच हाकेला होकार! यदुल्लाने लाजेने भिंतीकडे तोंड केलं. काझिमच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

आत गादीच्या ढिगाशेजारी सामोवार सळसळत होता. तूबाने झाकणावरचा पोचा ओळखला. काझिमने तिच्याकडे आशेने पाहिलं. तूबाच्या ध्यानात आलं.

“काय सुंदर सामोवार आहे, मश्दी!”

“तुमचाच आहे!” काझिम ओरडलाच. “अहो, न्या! मंगळवारी तुमच्या घरी मीही इतकंच म्हणालो होतो. यदुल्ला म्हणाले, ‘तुमचाच.’ मी तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा ते म्हणाले, ‘नेला नाहीत तर आम्हाला परकं समजता.’ मग काय करू? दिलेली वस्तू परत नेऊन दिली तर अपमान. तुम्ही येऊन वाखाणाल तर सुटेन, म्हणून दोन दिवस दारात उभा आहे. सगळ्या रजया भरायच्या राहिल्या!”

तूबा सावकाश वळली. “अहो, तुमच्यासमोरून सामोवार गेला, दिसला नाही?”

“पाहुण्याला निरोप देत होतो,” यदुल्ला पुटपुटला. “हात छातीवर, मान खाली. या आगांनीच शिकवलंय, मान नीट लववावी.”

“हेच माझं पहिलं अनुमान होतं,” नुसरतुल्ला म्हणाला.

“उचला,” तूबा म्हणाली.

“न्या, मनापासून सांगतो,” काझिम म्हणाला.

यदुल्लाचा हात आपसूक छातीवर गेला. “छे छे मश्दी, तुमच्याकडेच शोभ...”

तूबाने त्याच्या तोंडात खडीसाखरेचा मोठा खडा कोंबला.

चार वाजता पाहुणे आले. चहा तांबूस उतरला, लेकीने तो न सांडता दिला, आणि मुलाच्या आईने कौतुकाने मान डोलावली. “अगबाई, किती देखणा सामोवार!”

नुसरतुल्लाने वही उघडली. चहाला बोलावलेला काझिम धास्तावून उठला. यदुल्लाची मान लवू लागली, तोंड उघडलं.

तूबाने साखरेची बशी हळूच त्याच्यापुढे सरकवली.

“आमचा आहे,” यदुल्ला म्हणाला.

नुसरतुल्लाने पाचही सदरांवरून पेन्सिल फिरवली. शेवटी त्याने ‘खरं’चं ते कोरं पान काढलं.