प्रमाणित बरणी

कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या काकांचा धंदा उन्हावर चालायचा. "आकाश निरभ्र राहील" असं हवामान खात्याने सलग तीनदा जाहीर केलं आणि तिन्ही वेळा गच्चीवरच्या चादरी पुन्हा पिळाव्या लागल्या. शेवटी काकूंनी एक रिकामी काचेची बरणी काढून दिली. काकांनी तिच्या तोंडावर फाटक्या फुग्याचा तुकडा ताणून बांधला, त्यावर झाडूची काडी आडवी चिकटवली आणि मागे जुन्या वहीचा पुठ्ठा उभा करून त्यावर 'कोरडे', 'ढगाळ', 'पाऊस' असं लिहिलं. हवेचा दाब उतरला की फुगा वर यायचा, काडीचं टोक खाली झुकायचं आणि काका कपडे आत घ्यायचे. कापलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत ते पाऊसही मोजू लागले. महिनाभरात अख्खी गल्ली बरणीला विचारून कपडे वाळत घालू लागली.

साहजिकच निरीक्षक आले.

"हवेचा दाब कोणाच्या परवानगीने मोजता?"

"साहेब, घरातलीच हवा आहे."

"हवा तुमची असेल. दाब खात्याचा आहे."

बाटली 'घरगुती कचरा' या सदरात जमा झाली. बरणी मात्र खात्याच्या पर्जन्यमापकाशी ताडून पाहायचं ठरलं. तो भिजून गंजू नये म्हणून कपाटात कुलूपबंद होता. नऊ वर्षांत त्यात थेंबही पडला नव्हता. बरणी त्या दिवशी 'पाऊस' दाखवत होती. बाहेर पाऊस पडतही होता, पण ती बाब तपासणीच्या कक्षेत येत नव्हती. सबब, बरणी सदोष ठरली. निरीक्षकांनी काडी 'कोरडे'वर डिंकाने पक्की केली, वर 'प्रमाणित' असा शिक्का मारला आणि बरणी परत दिली.

पुढच्या मंगळवारी भर दुपारी अंधारून आलं.

"अहो, आभाळ बघा!" काकू ओरडल्या.

काका धावत गच्चीवर गेले. चादरी ओढता ओढता शेजाऱ्यांना हाका मारू लागले, "सामान वर घ्या!"

समोरच्या मास्तरीणबाई दारातून हलल्या नाहीत. "उगाच घाबरवू नका. बरणी काय म्हणते?"

"तिला डिंक लावलाय हो!"

"शिक्का आहे ना?"

शिक्का होता.

तासाभरात गल्लीत गुडघाभर पाणी भरलं. तळमजल्यावरच्या गाद्या तरंगल्या. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तक्रार लिहिली, ती काकांविरुद्ध: 'प्रमाणित यंत्र कोरडे दाखवीत असताना सदर इसमाने चादरी आत घेतल्या. अर्थात पावसाशी त्याचे आधीच संधान होते.'

वाचलेल्या चादरी तक्रारदारांच्याच होत्या. काकांनी त्या इस्त्री करून घरोघर पोचवल्या.

हसलात? हसा. पण आज बाहेर पडण्याआधी पाऊस आहे का हे बघायला तुम्ही खिडकी उघडली होतीत, की मोबाईल?