वरचा आठ, आतले आठ

“वीस मिनिटं, सोनबा. चहा संपायच्या आत तुमचा टेम्पो गेटबाहेर.” असं मी म्हणाले होते. नाकारत नाही.

चिखलीतल्या आमच्या कंपनीत पॅकिंगची मशिनं बनतात आणि त्यांचं सॉफ्टवेअर मी बांधते. बांधायचं म्हणजे शेकडो फायली मशिनला कळेल अशा भाषेत उतरवून एकत्र जोडायच्या. एकामागून एक केल्या तर दोन तास. दीड वाजला होता. मशिन टेम्पोत चढलं होतं, पण अजून बिनडोक्याचं. ते चाकणला टाकून सोनबाला साडेपाचच्या आत चऱ्होली गाठायची होती. लेकीचा साखरपुडा.

“ताई, तीनच्या पुढं गेलं तर माज्याबिगर सुपारी फुटंल.”

आमच्या कॉम्प्युटरला एका वेळी आठ कामं झेपतात. म्हणून फायलींच्या मुख्य यादीत मी लिहिलं, एका वेळी आठ. तिच्या पोटात आणखी आठ याद्या. त्यांच्यावर अन्याय नको, म्हणून प्रत्येकीतही लिहिलं, एका वेळी आठ. मी एकटीने शिकलेली बाई. माझ्या चुका कुणाकडून उसन्या घेतलेल्या नसतात.

दोन मिनिटांत पंखा गिरणीसारखा घरघरू लागला. पाचव्या मिनिटाला माउसचा बाण थिजला, तो थिजलाच. सोनबाचा तिसरा चहा संपला.

“वीस मिन्टं लईच लांबली म्हनायची,” तो नम्रपणे म्हणाला.

सव्वादोनला शेजारच्या टेबलावरची आम्रपाली उठून आली. तिचे वडील मुकादम होते.

“ताई, आठ मुकादम बोलावले. प्रत्येकाला सांगितलं, आठ माणसं आण. कामावर किती आले?”

“चौसष्ट.”

“आणि फावडी?”

“आठ,” मी बारीक आवाजात म्हणाले.

“बाबा गेटवर आठच बिल्ले ठेवायचे. बिल्ला मिळाला तर माणूस लावायचा, काम झालं की बिल्ला परत. या याद्या चालवणारा प्रोग्रॅमही तसेच बिल्ले वाटतो. तुम्ही फक्त वरचा आठ ठेवा, आतले आठ खोडा.”

कॉम्प्युटर बंद करून चालू केला, आतले आठ खोडले. बावीस मिनिटांत सॉफ्टवेअर तयार! ते मशिनमध्ये भरलं आणि तीनला पाच कमी असताना टेम्पो निघाला.

“सांच्याला समदी या, ताई. किती जन धरू?” सोनबाने खिडकीतून विचारलं.

“आठ,” मी ऐटीत म्हणाले. आमच्याकडे आठ विभाग. प्रत्येकातून एक, असा माझा हिशेब. सगळ्या विभागप्रमुखांना मेसेज टाकला, ‘चऱ्होलीला साखरपुड्याला आठ जणांनी यावं.’

साडेपाचला सोनबा मांडवाच्या दाराशी नव्या टोपीत उभा होता. मला भरून आलं. मग वेल्डिंगचे आठ जण आले. पेंटचे आठ. स्टोअरचेही आठ. सोनबाने मोजणं सोडलं आणि आचाऱ्याकडे धाव घेतली.

आम्रपाली माझ्या कानाशी आली. “ताई, आतले आठ खोडायचे राहिले.”

मी पदर खोचला. आचाऱ्याकडून आठच ताटं मागून घेतली आणि दाराशी उभी राहिले. ताट मिळेल त्याने बसायचं, जेवण झालं की ताट परत. पंगत अशी सुरळीत चालली, की वरपक्षाने मला केटरिंगवाली समजून नंबर मागितला.

सगळ्यात शेवटी ताट माझ्या हाती आलं. पातेली तोवर रिकामी झाली होती. माझ्या वाट्याला तेवढी सुपारी आली.