धुक्यातलं झाकण

"आर्डिस, हा तांबडा ठिपका बघ. कारखान्याच्या तपासनिसाची गुप्त खूण!" व्हर्लिनने डोळ्याला भिंग लावलं होतं आणि आवाज चर्चमधल्यासारखा खाली आणला होता.

"ती माझी नेलपॉलिश आहे," आर्डिस म्हणाली. "हरवली म्हणून बहिणीशी भांडले होते मी."

मिनेसोटातल्या त्या तळ्याच्या धक्क्याला होडी बांधली होती आणि होडीच्या पाठीला आर्डिसच्या नवऱ्याची, हाल्व्हरची, जुनी मोटर. हाल्व्हर गेला, मोटर राहिली. आजवर ती शेडमध्ये पडून होती, दार उघडलं की आर्डिसकडे बघत राही आणि आर्डिसला ते बघणं सोसत नसे. एकदाची जाऊ दे, असं तिने ठरवलं होतं. व्हर्लिनला ती जुन्या मोटरी जमवणाऱ्या आपल्या मंडळाच्या संग्रहालयासाठी किती वर्षांपासून हवी होती. पण वस्तूवरच्या प्रत्येक वेगळ्या भागाची ओळख पटल्याशिवाय मंडळ ती घेत नसे.

आता उरली होती एक पितळी नळी. बोटाएवढी, टोकाशी चिरलेली, मोटरीचा धूर निघतो तिथे झाळून बसवलेली.

"शर्यतीसाठी असणार," व्हर्लिन म्हणाला.

"हाल्व्हर आणि शर्यत? तो चर्चलासुद्धा शेवटच्या प्रार्थनेला पोचायचा."

"मग सुरू करून ऐकतो."

त्याने होडीत बसून दोरी ओढली. एवढ्या जुन्या मोटरीला जागच्या जागी फिरणं ठाऊक नसतं. पेटली की ती निघते. धक्क्याची कुजकी दोरी तुटली, आणि भिंगासकट व्हर्लिन धुक्यात शिरला. धुकं असं दाट, की बदकंसुद्धा चालत घरी गेली होती.

"आर्डिस! मी कुठं आहे गं?"

"मला काय विचारतोस? होडीत तू आहेस!"

मग धुक्यातून आवाज आला. हूऽऽ. जरा थांबून पुन्हा, हूऽऽ. दूरचा, ओला, ओळखीचा.

आर्डिसचे पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळले. तिने कॉफी चुलीवर ठेवली, दोन कप मांडले, खुंटीवरचं मोठ्या पातेल्याचं झाकण काढलं, डाव घेतला आणि पुन्हा धक्क्यावर येऊन वाजवू लागली. ठण्ण, ठण्ण. पाण्यावरून हूऽऽ आलं की काठावरून ठण्ण. आपण काय करतोय हे तिच्या ध्यानात आलं, तेव्हा डोळे केव्हाचे भरले होते.

त्या आवाजाच्या रोखाने होडी आली. व्हर्लिनने पेट्रोल बंद केलं आणि होडीचं नाक लव्हाळ्यात रुतलं.

"काय वाजवत होतीस?"

"झाकण. धुकं असलं की हाल्व्हरची मोटर लांबून अशी घुमायची, मग मी वाजवायची. त्याला धक्का सापडायचा." ती नळीकडे बघत राहिली. "मला आपलं वाटायचं, मोटरीला दमा आहे."

व्हर्लिनने भिंग खिशात ठेवलं.

"ओळख तर पटली. शिट्टी आहे ही, तुला ऐकू जावी म्हणून बसवलेली," तो म्हणाला. "पण ही नुसती निम्मी वस्तू झाली. झाकणासकट द्यावी लागेल."

आर्डिसने झाकण पोटाशी धरलं. "झाकण मिळायचं नाही. रश्शावर काय ठेवू मी?"

"मग मोटरही घेता येणार नाही. नियम आहे."

"कधी केला हा नियम?"

"आत्ता. लव्हाळ्यात शिरताना."

आर्डिसने डोळे पुसले आणि त्याला हात दिला.

"उतर आता. दोन कप मांडलेत, आणि दुसरा प्यायला कुणी नाही."