धडाडवीराच्या आजोबांची सहल

“आजोबा मरणार नाहीत,” चॅनेलच्या मॅडम म्हणाल्या. “ते लांबच्या सहलीला जातील. आपले प्रेक्षक चार ते सात वर्षांचे आहेत.”

लेखकाने कपाळाला हात लावला. ‘धडाडवीर’ या कार्टूनचे तीस भाग त्याने लिहिले होते आणि मालिकेला आता काही धरबंद उरला नव्हता. दिग्दर्शकाला गंभीर महानायक हवा होता, मॅडमना दर वीस सेकंदांनी हसू हवं होतं. त्यामुळे धडाडवीर एका सीनमध्ये जळत्या शहराकडे बघून अश्रू ढाळायचा आणि पुढच्याच सीनमध्ये त्याची चड्डी सुटायची. लेखक हे सगळं निमूटपणे लिहीत आला होता. पण हा भाग वेगळा होता. वर्षभरापूर्वी त्याचे वडील गेले. जाण्याआधी ते त्याला म्हणाले होते, “चष्मा पुसून दे रे, तुला नीट बघतो.” ते वाक्य त्याने भागाच्या सुरुवातीलाच आजोबांच्या तोंडी घातलं होतं आणि आईला शब्द दिला होता, की बाबांचा शेवट कुणी हसण्यावारी नेणार नाही.

“बरं, सहल तर सहल,” तो म्हणाला. “पण तो सीन शांत राहू द्या.”

“राहू दे की! फक्त त्याच्या आधी चाळीस सेकंद गंमत घाला. धडाडवीराचा पाय बादलीत अडकतो आणि तो जिन्यावरून गडगडत खाली येतो. मुलं खूश. आणि आवाजवाल्यांना तेवढं कळवा.”

लेखकाने बादली लिहून दिली. आवाजवाल्याला मात्र कळवलं नाही. विसरला असंही नाही. तो इतका चिडला होता, की त्या बादलीबद्दल आणखी एकाही माणसाशी बोलायची त्याची तयारी नव्हती. उद्या सांगू म्हणाला, आणि ते राहूनच गेलं.

आवाजवाल्याला चित्रं कधी वेळेवर मिळतच नसत. तो बिचारा वेळांच्या कागदावरून संगीत आणि बाकीचे आवाज तयार ठेवायचा. पहिली चाळीस सेकंदं आजोबा, म्हणून व्हायोलिन. त्यापुढे फुगेराक्षसाशी मारामारी. त्याने इमानेइतबारे तेवढं केलं. भाग ऐनवेळी जोडला गेला आणि कुणी न बघताच चॅनेलकडे रवाना झाला.

संध्याकाळी पाच वाजता आई टीव्हीसमोर बसली. शेजारी आत्या होती, मांडीवर भावाचा फोटो घेऊन. पडद्यावर धडाडवीराचा पाय बादलीत अडकला आणि काळीज चिरणारं व्हायोलिन सुरू झालं. तो एकेक पायरी गडगडत होता आणि व्हायोलिन हुंदके देत होतं.

“अगं बाई, किती लागलं असेल त्याला,” आत्याने रुमाल काढला.

लेखक फोन घेऊन स्वयंपाकघरात धावला.

“अरे, बादलीला व्हायोलिन वाजतंय!”

“कसली बादली?” आवाजवाला म्हणाला. “माझ्या कागदावर पहिले आजोबा आहेत.”

“सुरुवातीला चाळीस सेकंदं वाढलीत!”

“मग मला कुणी सांगितलं?”

लेखकाने घाईघाईने विचारलं, “आता आजोबांना काय वाजणार?”

“चाळीसच्या पुढे ना? फुगेराक्षस. त्याला टाचणी लागते आणि हवा सुटते. चांगली लांबलचक केलीय. फार मेहनत घेतलीय मी त्यावर.”

तो बाहेर धावला. “आई, बंद कर ते! रिमोट कुठाय?”

रिमोट आत्याने फोटोखाली दाबून धरला. “बस खाली. माझ्या भावाचा सीन आहे.”

आजोबा पलंगावर होते. उशाशी मॅडमच्या हुकमाची प्रवासी बॅग. बोलणं जागच्या जागी होतं; घसरले होते ते बाकीचे आवाज. आजोबा कुशीवर वळले. पुर्रर्र. “चष्मा पुसून दे रे,” ते म्हणाले. फुस्स. “तुला नीट बघतो.” आणि मग तो मेहनतीचा, लांबलचक आवाज सुटला, तो संपता संपेना.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लेखकाला झालं. बाबांसाठी म्हणून आयुष्यात एक गोष्ट करायला घेतली होती, आणि तिची ही अशी माती झाली होती. आईचे खांदे हलत होते. तिच्याकडे बघायची त्याची छाती होईना.

“आई, माझीच चूक आहे. मी रागाच्या भरात कळवलंच नाही...”

आईने तोंडावरचा हात काढला. ती हसत होती. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

“गादी!” ती म्हणाली. “अरे, ती हवेची गादी!”

बाबांच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आणलेली हवेची गादी. ते कुशीवर वळले की ती अस्साच आवाज करायची. त्यांनी चष्मा मागितला तेव्हाही तिने तो केला होता. डॉक्टर, आत्या, तो स्वतः, सगळेच ऐकलं नाही असं दाखवून उभे राहिले होते.

“तेव्हा त्यांनी मला डोळा मारला होता,” आई म्हणाली. “आणि मी हसले नाही रे. एवढ्या माणसांत कशी हसणार? वर्षभर ते मनाला खातंय माझ्या. आणि तू लिहिताना नेमकं तेवढंच वगळलंस!”

आत्याने फोटोकडे बघितलं आणि तिलाही हसू फुटलं. तेवढ्यात फोन वाजला. मॅडम होत्या.

“मुलं हसून लोळतायत! आजोबांना सहलीवरून परत आणा! पुढच्या भागातच!”

लेखकाने फोनवर हात ठेवून आईला सांगितलं.

“आण की,” आई डोळे पुसत म्हणाली. “पण गादीसकट आण.”